सूर्याला दिलेला निखारा

सूर्य पेटला तेव्हा आपण तिथं जातीनं हजर होतो, आणि यावर तुम्हा दोघांपैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, असं सोबेक बात्सानं जाहीर केलं आणि खोपीच्या दारात तो असा काही पाय फाकून उभा राहिला, की आतली आगटी बाहेरून कुणाला दिसू नये.

बाहेरच्या बाकावर लुद्विना बसली होती. चढण चढून आल्यामुळं तिचा श्वास अजून जागेवर आला नव्हता. शेजारी तिचा भाचा कायेतान, खाली गावातल्या शाळेत विज्ञान शिकवणारा, टोपीनं स्वतःला वारा घालत होता. लुद्विनानं सूर्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. चार घोट झेंतित्सा गरम करून दे, गुडघे दुखताहेत, एवढंच ती म्हणाली होती. चीज काढल्यावर हंड्यात जे आंबूसगोड पाणी उरतं ते गरम करायला असा कितीसा वेळ लागतो? त्या उत्तरात कुणी सूर्य सांगायला लागला, तर शहाण्या माणसानं ओळखावं की कुठंतरी पाणी मुरतंय.

मुरत होतंच. आगटी विझली होती.

आता आगटी विझली तर पुन्हा पेटवावी, त्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. याव्होरकाच्या कुरणावर तसं नाही. एप्रिलात, संत वोइचेखच्या दिवशी, खालच्या आठ घरांच्या मेंढ्या वर चढतात. त्या दिवशी बात्सा म्हणजे वरचा कारभारी, दूध-चीज-कुत्रे-लांडगे सगळ्याचा धनी, गारगोटीवर ठिणगी पाडून खोपीत विस्तव करतो. तो विस्तव सप्टेंबरअखेर मेंढ्या खाली उतरेपर्यंत विझता कामा नये. विझला तर मेंढ्या आटतात म्हणे. मेंढ्या आटतात की नाही देव जाणे, पण बात्सा मात्र नक्की आटतो. आठ घरांची माणसं वर येतात, भिंतीवरची रवी काढून घेतात आणि दुसऱ्याच्या हाती देतात. त्यावर कुणी वाद घालत नाही.

सोबेकची ही एकेचाळिसावी खेप होती. गेल्या शरदातच बैठकीत विषय निघाला होता, की म्हाताऱ्याचे हात कापतात, बोलता बोलता त्याला डुलकी लागते, पलीकडच्या खोऱ्यातला तरुण बात्सा मोकळा आहे, त्याला बोलवावं. निम्म्याहून अधिक मेंढ्या लुद्विनाच्या, त्यामुळं शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली होती, अजून एक उन्हाळा बघू. काही बिघडलं नाही तर. हे 'काही बिघडलं नाही तर' सोबेकच्या कानात एप्रिलपासून डासासारखं गुणगुणत होतं. खाली गावात त्याला मुलीच्या घरी एक खोली होती, खिडकीसकट. खिडकीतून बटाट्याचं शेत दिसायचं. नुसतं बटाट्याचं शेत.

सकाळी काय झालं ते असं. धार काढून झाल्यावर दोघे गडी कळप घेऊन वरच्या खडकाळ भागात गेले, हार्नाश नावाचा पांढरा कुत्रा तेवढा मागं राहिला. सोबेकनं दूध तांब्याच्या हंड्यात ओतलं, आगटीवर कोमट केलं, हंडा टांगलेली आडवी तुळई फिरवून आगीपासून बाजूला घेतला आणि कोकराच्या पोटातल्या रसाचा चमचाभर त्यात सोडला. मग झाकून वाट बघायची. दूध गोठलं की रवीनं हळूहळू फोडायचं, त्याच्या कवड्या कवड्या करायच्या, आणि मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालून त्या कवड्या एका गोळ्यात गोळा करायच्या. हे सगळं त्याला झोपेतसुद्धा येत होतं. खरी भानगड तीच.

वाट बघताना त्यानं मुलीनं दिलेला रेडिओ लावला. कुणी प्राध्यापक बोलत होता. आवाज असा मऊ, की पिसांच्या उशीत तोंड घालून बोलतोय. विषय होता, आपली सूर्यमाला कशी झाली. फार फार पूर्वी, प्राध्यापक म्हणत होता, इथं वायूचा आणि धुळीचा एक प्रचंड थंड ढग होता. सोबेकनं हंड्याचं झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली, रवी आत घातली आणि सूर्य चालतो त्या दिशेनं, प्रदक्षिणा घालावी तशी, फिरवायला सुरुवात केली. ढग हळूहळू स्वतःच्याच आत कोसळू लागला, प्राध्यापक म्हणाला. रवी फिरत होती. ढग गोल फिरू लागला, चपटा होऊ लागला. रवी फिरत होती. मध्यभागी गोळा जमला, तापत गेला, तापत गेला, आणि मग एके दिवशी…

इथं रेडिओची बॅटरी संपली. पण ते ऐकायला सोबेक जागा कुठं होता.

जाग आली ती हार्नाशच्या भुंकण्यानं. हाताखाली रवी होती, गाल हंड्याच्या काठावर. दारातून येणारं ऊन उंबरठ्यावरून पार त्याच्या खाटेच्या पायापर्यंत सरकलं होतं, म्हणजे तीन तास सहज झाले असतील. त्यानं वळून आगटीकडं बघितलं. राख. करडी, शांत, एखाद्या झोपलेल्या मांजरीसारखी. त्यानं कडेला बोट घातलं. गार. थोडं आणखी आत घातलं. गार.

खिशात काड्यापेटी होती, पाइप ओढायची. त्यानं ती काढली, उघडली, एक काडी हातात घेतली आणि बराच वेळ तिच्या लाल डोक्याकडं बघत राहिला. मग काडी परत पेटीत आणि पेटी परत खिशात. तोंडानं खोटं बोलायची सोबेकला आयुष्यात कधी लाज वाटली नव्हती. या डोंगरावर एकदा लांडग्याला ख्रिसमसची गाणी शिकवल्याचं तो शपथेवर सांगायचा. पण विस्तवाशी खोटं बोलायचं, काडीनं पेटवून वरून हाच तो एप्रिलचा म्हणायचं, हे त्याच्याच्यानं होईना. 

आणि तेवढ्यात दारातून त्याला पायवाटेवर लुद्विनाची काठी दिसली.

तर आता ती बाकावर बसली होती, झेंतित्सा मागत होती, आणि सोबेक दार अडवून उभा होता.

"पेटला तेव्हा तू हजर होतास," लुद्विना म्हणाली. "बरं. आणि कोण कोण होतं?"

"हार्नाश होता," सोबेक म्हणाला. "विचार त्याला."

हार्नाशनं एक डोळा उघडला आणि मिटला. सोबेकनं ती साक्ष म्हणून धरली आणि पुढं सांगायला लागला.

आज सकाळी, तो म्हणाला, हंड्याचं झाकण काढलं तर आत दूध नव्हतं. धुकं होतं. आपलं ऑक्टोबरातलं असतं ना, दरीतून निघतं आणि आधी कुंपण खातं, मग मेंढ्या खातं, मग पुढं केलेला स्वतःचा हातसुद्धा, तसलं. वाकून बघितलं तर तळ दिसेना. आणखी वाकलो, आणखी वाकलो, आणि पाय सुटले. पडलो म्हणशील तर पडलो नाही. पडायला खाली काहीतरी लागतं. तिथं खाली नव्हतं, वर नव्हतं, शेजारीपाजारी कुणी नव्हतं. गारठा मात्र असा, की जानेवारीतली नदी त्यापुढं आंघोळीचं पाणी. आणि शांतता. अशी शांतता की माझी दाढी वाढतेय ते मला ऐकू येत होतं.

कायेतान हसला. असल्या ढगात हवा इतकी विरळ असते, की ऐकू यायला काही माध्यमच नसतं, असं तो म्हणाला. सोबेक म्हणाला, म्हणून तर शांतता होती, मास्तर, मी दुसरं काय सांगतोय.

तर त्या धुक्यात तो किती दिवस तरंगला कोण जाणे. धुकं एवढं अफाट, की हार्नाश या टोकाला भुंकला असता तर त्या टोकाच्या लांडग्याचे नातू म्हातारे होऊन मेले असते, तेव्हा कुठं ते भुंकणं पोचलं असतं. सगळं तसंच पडून राहिलं असतं आजपर्यंत, विरजण न घातलेल्या दुधासारखं. पण शेजारी एक म्हातारा तारा होता. खोकायचा. खोकून खोकून एके दिवशी तो फुटला, आणि त्याचा धक्का येऊन धुक्यावर आपटला.

"तोच तुझा चमचाभर रस," लुद्विना म्हणाली.

सोबेक दचकला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नव्हतं. ती काठीच्या टोकानं बुटाला चिकटलेला चिखल खरवडत होती.

तोच, तो म्हणाला. धुक्याला एका जागी अशी एक गाठ पडली, पहिल्या कवडीएवढी. ती कवडी शेजारच्या धुळीला म्हणाली, ये. आली. दोघी मिळून तिसरीला म्हणाल्या, ये. जेवढ्या जास्त जमतील तेवढं ते बोलावणं दांडगं होत जातं, गं. लग्नाच्या मांडवात कसं, चार माणसं नाचायला उठली की बाकीच्यांना बसवत नाही. सगळं धुकं आत घसरायला लागलं. चहूकडून, सावकाश, आवाज न करता. बर्फ पडतो तसं, पण सगळीकडून एका जागेकडं. आणि मी मध्ये. माझ्या अंगावरून, मिशीतून, बोटांच्या फटीतून ते आत आत जात होतं. थंड होतं, पण मऊ होतं. मला वाटलं, मी लहान आहे आणि आईनं माझ्यावर पांघरूण घातलंय, आणि मग आणखी एक, आणि मग आणखी एक.

इथं सोबेक जरा थांबला. हे तो रचत नव्हता. हे त्याला खरंच दिसलं होतं, हंड्याच्या काठावर गाल टेकून, आणि सांगताना ते पुन्हा दिसायला लागलं. क्षणभर तो दार अडवायचंही विसरला. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो पुन्हा चौकटीला पाठ लावून उभा राहिला.

धुकं गोल फिरत होतंच, तो पुढं म्हणाला, पण आळसावल्यासारखं, रविवारी चर्चला निघालेल्या बैलगाडीच्या चाकागत. आत सरकेल तसं त्याला वेग आला. लुद्विना, तू सोळा वर्षांची असताना फ्लोरेकच्या लग्नात गिरकी घेतली होतीस. हात पसरून सुरुवात केलीस, मग हात छातीशी घेतलेस, आणि अशी फिरलीस की माणसं मागं सरली, तुझ्या झग्यानं मेणबत्त्या विझल्या.

"दोन मेणबत्त्या," लुद्विना म्हणाली.

दोन तर दोन. तसंच ते धुकं. आणि तुझा झगा कसा फिरता फिरता आडवा पसरला होता, ताटासारखा, तसं तेही चपटं होत गेलं. वरचं खाली बसलं, खालचं वर आलं, आणि उरली एक भलीमोठी फिरती भाकर. मध्ये फुगलेली, कडेला पातळ. मी फुगवट्याच्या जवळ बसलो. ऊब येत होती ना.

कायेताननं मान डोलावली. आतापर्यंत बरोबर आहे, तो म्हणाला, शाळेत आम्ही असंच शिकवतो, फक्त मिशा वगळून. पण एक शंका आहे, काका. तुम्ही रवी फिरवता ती सूर्याच्या दिशेनं, आणि ग्रह सगळे उलट्या दिशेनं फिरतात. उत्तरेकडून वरून बघितलं तर.

खोऱ्यातला कुठलाही बात्सा उलटी रवी फिरवणार नाही, त्यानं दूध रुसतं. मास्तरनं बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. सोबेकनं त्याच्याकडं थोडा वेळ दयेनं बघितलं.

"वरून बघितलं तर ना," तो म्हणाला. "मी हंड्याच्या तळाशी होतो, मास्तर. मी खालून बघत होतो."

लुद्विनाच्या खांद्यांना एक छोटा धक्का बसला. ती हसली असेल किंवा गुडघ्यातून कळ आली असेल. झेंतित्सा राहिलीच, असं ती म्हणाली. देतो, देतो, सोबेक म्हणाला, आधी ग्रह तर होऊ दे, ग्रहांशिवाय तुला बसायला बाक कुठला.

मग त्यानं ग्रह केले. फुगवट्याजवळ इतकं गरम होतं, की बर्फ, पाणी, वाफ, काही टिकेना. टिकले ते खडे. खड्याला खडा चिकटला, गोट्याला गोटा आपटला, निम्मे फुटले, निम्मे जुळले, आणि चार टणक गोळे तयार झाले. तिसरा तुमचा आमचा. तेव्हा त्याला हात लावला तर चिखल होता, गरम, नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखा ओला. मी म्हटलं, यातून काही व्हायचं नाही. चूक झाली, कबूल आहे. लांब गारठ्यात मात्र बर्फ टिकला, त्यामुळं तिकडचे गोळे असे वाढले, असे वाढले, की विचारू नकोस. एक तर निव्वळ खादाड. जे दिसेल ते गिळलं, आणि शेजारच्या खड्यांना एकत्र येऊच देईना. मिठाच्या दगडापाशी दांडगा मेंढा असला म्हणजे बाकीच्या मेंढ्या कशा बुजून इकडं तिकडं पांगून उभ्या राहतात, तसे ते खडे अजून पांगलेलेच आहेत. एकाच्या कमरेला हंड्याच्या काठाला लागते तशी साय लागली. ती पुसायची राहून गेली, ती कडी अजून दिसते म्हणतात. आणि एक बिचारा कुशीवर पडून फिरतो. तिथं हार्नाश बसला होता.

शुक्र उलटा फिरतो, त्याचं काय, असं कायेताननं विचारलं. आता त्यालाही मजा यायला लागली होती. तेव्हा मला शिंक आली होती, असं सोबेकनं सांगून टाकलं. आणि चंद्र? चंद्राचं त्यानं सांगितलं की एक मोठा दगड आडवा येऊन आपल्या चिखलावर आदळला आणि जे उडालं ते वर राहिलं. कायेतान म्हणाला, हे तर अगदी बरोबर आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं. सोबेकलाही नवल वाटलं. हे तर त्यानं आत्ता जागच्या जागी रचलं होतं.

ऊन माथ्यावर आलं होतं. कुरणावरचं गवत पांढुरकं दिसत होतं आणि दूर वरच्या बाजूला कळपाच्या घंटा अशा वाजत होत्या, की त्या खडकात आहेत की कानात, कळू नये.  सोबेकला वाटलं, हे असंच राहावं. कुणी झेंतित्सा मागू नये, कुणी उठू नये, आणि संध्याकाळी गडी परत आल्यावर काय ते होऊ दे.

"आणि सूर्य?" लुद्विनानं विचारलं. "तू सूर्य पेटल्याचं सांगणार होतास."

इथंच बॅटरी संपली होती.

सोबेक तसाच पुढं रेटत निघाला. मधला गोळा तापत गेला, तो म्हणाला. तापत गेला. तापत… लाल झाला, काळसर लाल, लोहाराच्या भट्टीतून काढून ठेवलेल्या नालासारखा. पण पेटेना. सगळे ग्रह अंधारात चाचपडत फिरताहेत, एकमेकांवर आपटताहेत, आपला चिखल गारठायला लागलाय, आणि हा आपला नुसता लाल. मी वाट बघितली. लाख वर्षं बघितली, आणखी लाख बघितली. मग मला राहवेना. मी हंड्यातून हात बाहेर काढला, इथं, या खोपीत. आगटीतला मधला, सगळ्यात मोठा, एप्रिलपासून जपलेला निखारा उचलला, हे बघ बोटं, आणि आत टाकला. भप्पकन पेटला. धूळ, धुकं, सगळं उडून गेलं, आणि लख्ख झालं. तोच तो वर आहे. त्यानं मान वर करून आभाळाकडं दाखवलं.

मग तो बाजूला झाला. दार सोडलं. आता अडवून उपयोग नव्हता.

"म्हणून आगटी अशी आहे," तो म्हणाला, जरा हळू आवाजात. "दिला तो दिला. परत कसा मागायचा?"

आतली राख दारातून दिसत होती. कायेताननं बघितलं आणि नजर बुटांकडं वळवली. त्याच खोऱ्यात तो वाढला होता, त्याला सांगायला नको होतं. लुद्विनानं आत बघितलंच नाही. आता खरी गोष्ट अशी, की खालच्या वळणावरून, अर्ध्या चढावरूनच तिला दिसलं होतं, की खोपीच्या छपरातून धूर निघत नाही. एकेचाळीस उन्हाळे ती त्या वळणावर थांबून धूर बघायची. आज तिथं ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली होती, आणि कायेतानला तिनं सांगितलं होतं की दम लागलाय.

 मग कायेताननं घसा खाकरला. काहीतरी बोलायचं म्हणून, म्हाताऱ्याची मान अशी खाली गेलेली त्याला बघवेना म्हणून, त्यानं मास्तर लोक करतात तेच केलं. चूक सुधारली.

"पण काका, सूर्याला बाहेरून विस्तव लागलाच नाही," तो म्हणाला. "जे काही आत पडलं त्याचं सगळं वजन मध्यावर आलं. त्या दाबानंच मधलं तापलं, आणि शेवटी आपल्याच भाराखाली पेटलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं सगळं थंड आहे, काळोख आहे. वरचे थर त्याला झाकून ठेवतात ना. ऊब असते ती पार मधोमध."

"मधोमध," लुद्विना म्हणाली.

"पार मधोमध, मावशी. कडेला हात लावून काही कळायचं नाही."

लुद्विनानं सोबेकच्या हाताकडं बघितलं. राख फक्त एका बोटाच्या टोकाला लागली होती, पहिल्या पेरापर्यंत.

ती काठीवर भार देऊन उठली, गुडघ्यांना काहीतरी वाईटसाईट बोलली आणि त्याच्या शेजारून आत गेली. आगटीपाशी खाली बसायला तिला बराच वेळ लागला. सोबेक तिच्या मागं उभा राहिला. आता ती रवीकडं हात नेईल, असं त्याला वाटलं. त्याला बटाट्याचं शेत दिसलं, खिडकीतून, पावसात, उन्हात, बर्फात. तिनं रवीकडं बघितलंसुद्धा नाही. आधी ती नुसता हातच राखेत घालायला निघाली, मग थांबली आणि काठी उलटी केली. काठीचं टोक तिनं राखेच्या ढिगाच्या मधोमध ठेवलं. कडेला नाही, बरोबर मध्ये, जिथं एप्रिलपासूनची राख सगळ्यात उंच साचली होती. आणि टोक हळूहळू आत घातलं. वीतभर गेलं. आणखी चार बोटं. मग तिनं ते तसंच वर उचललं.

करड्या राखेखालून लाल काहीतरी बाहेर आलं. कोंबडीच्या अंड्याएवढं. त्याच्यावर राखेचा पापुद्रा होता. हवा लागली तसा तो पापुद्रा फुटला, आणि आतून एकदम नारिंगी उजेड डोकावला, मंद, श्वास घेतल्यासारखा.

लुद्विनानं वाकून त्याच्यावर फुंकर घातली. मग आणखी एक. कोपऱ्यातलं बर्चचं वाळकं साल ओढून तिनं वर ठेवलं. साल आधी काळं झालं, मग कडेनं वळलं, मग त्याच्यावर एक निळी जीभ उभी राहिली. तिनं दोन काटक्या टाकल्या. धुराची एक बारीक दोरी छपराकडं निघाली, फळ्यांच्या फटी शोधत. बाहेर हार्नाशनं मान उचलून वास घेतला.

 सोबेकला गुडघे टेकून बसायचं होतं, पण बसलो तर रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून तो तुळईला धरून उभा राहिला. हंडा हलला. आत, पाण्याखाली, झोपेत फिरवलेल्या रवीनं जमवलेला एक पांढरा गोळा संथपणे फिरत होता, आणि त्याच्याभोवती काही सुट्या कवड्या.

"झेंतित्सा," लुद्विना म्हणाली. "गरम."

तुळई आगीवर वळवताना त्याचे हात कापत होते आणि तिनं ते बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं. ती काठी दोन्ही हातांत धरून विस्तवाकडं बघत बसली होती, आणि उजेडात तिचा चेहरा सोळा वर्षांच्या कुणाचा तरी वाटत होता, फ्लोरेकच्या लग्नातला. मग तिनं काठीच्या टोकानं तो निखारा जरासा उलटला आणि बाहेरच्या मास्तरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं,

"सोबेक, सूर्याला देऊन टाकलास म्हणालास ना मघाशी? मग हा इथं काय करतोय, खोटारड्या?"